दरवर्षी गॅस का भरावा लागतो?

मार्च लागला की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एसीच्या सर्व्हिसिंगची लगबग सुरू होते. फिल्टर धुतले जातात, आउटडोअर युनिटवर पाण्याचा फवारा मारला जातो, मग गेज लावले जाते आणि पुष्कळदा ठरलेला निकाल ऐकू येतो: गॅस कमी झालाय, भरावा लागेल. गाडीत पेट्रोल भरतात तसा एसीत अधूनमधून गॅस भरायचाच असतो, अशी आपली पक्की समजूत आहे. त्यामुळे घरमालक मान डोलावतो आणि पैसे देतो. पण एसी गॅस खर्च करत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉइल, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि खोलीतली कॉइल या बंद वाटेने तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. आत त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. उष्णता इकडून उपसून तिकडे टाकणारा हा पंप आहे. उत्तरेत विकल्या जाणाऱ्या 'हॉट अँड कोल्ड' एसीत फोर-वे व्हॉल्व्ह ही वाट उलटवतो आणि तेच यंत्र हिवाळ्यात खोली गरम करते. वाट कोणत्याही दिशेची असो, गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: तो कुठून तरी गळतो आहे. तरीही गळती न शोधता गॅस भरत राहण्याची रीत घरोघर रुजली. तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातून एक गोष्ट लख्ख दिसते. भिंतीवरचा एसी कारखान्यात पुरा होत नाही. तो आपल्या घरात, दोन तांब्याच्या नळ्या जोडल्या जातात तेव्हा पुरा होतो. आपले कायदे, आपली स्टार लेबले आणि खरेदीच्या वेळची आपली घासाघीस या सगळ्यांनी कारखान्याकडे पाहिले. घरातल्या त्या जोडाकडे कोणी पाहिलेच नाही.

सुरुवातीच्या काळात गॅस भरत राहणे हे अज्ञान नव्हते. १९३३ साली कुलाब्याच्या टोकाला रीगल सिनेमा उघडला तेव्हा तिथला गारवा हे मुंबईकरांसाठी मोठे आकर्षण होते. अशा ठिकाणी तळघरात किंवा मागच्या बाजूला मोठे यंत्रघर असे. त्या काळच्या मोठ्या यंत्रांत कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारी मोटर वेगवेगळी असे आणि दोघांना जोडणारा दांडा कॉम्प्रेसरच्या पोटातून बाहेर येई. दांडा फिरणार म्हणजे त्याच्याभोवतीचे सील झिजणार आणि तिथून थोडा गॅस सुटणार, हे गृहीतच होते. यंत्रावर माणूस नेमलेला असे. तो दाबाची नोंद ठेवी, सील बदली आणि लागेल तेवढा गॅस टाकी. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत अमोनियाची यंत्रे असत आणि आजही असतात. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपन्यांनी असे कॉम्प्रेसर इथेच बनवले. अमोनियाचा एक गुण असा की तो जरा सुटला तरी नाकाला झोंबतो, त्यामुळे गळती लपून राहत नाही. पुढे घरात आलेल्या गॅसना असा वास नव्हता. हा फरक छोटा वाटेल, पण गळतीकडे दुर्लक्ष करणे त्यामुळेच इतके सोपे झाले.

या धंद्याच्या मुळाशी दुरुस्तीच आहे, हे आपण विसरलो आहोत. १९४३ साली मोहन अडवाणी यांनी मुंबईत ब्लू स्टार सुरू केली, तेव्हा तिचे काम होते जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करून पुन्हा चालते करण्याचे, आणि माणसे होती दोन. महायुद्ध चालू होते, परदेशी माल येणे दुरापास्त होते, त्यामुळे आहे ते यंत्र टिकवणारा हात मोलाचा होता. १९५४ साली टाटा सन्स आणि व्होलकार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास उभी राहिली आणि खोलीचा एसी देशात बनू लागला. त्यानंतरची कित्येक वर्षे एसी म्हटले की खिडकीत बसवलेली पेटी डोळ्यांपुढे येई. एसी चैनीची वस्तू मानून सरकार त्यावर जबर कर लावत असे. म्हणून तो कचेऱ्या, हॉटेले, दवाखान्यांची ऑपरेशन थिएटरे आणि मोजकी श्रीमंत घरे यांपुरताच राहिला. एकदा घेतलेला एसी पंधरा-वीस वर्षे चालवायचा, तो बिघडला की दुरुस्त करायचा, दुरुस्त होईना तर कॉम्प्रेसर उघडून गुंडाळी नव्याने भरायची, हे त्या काळात सहज घडत होते.

आता या खिडकीतल्या पेटीची रचना पाहा. तिच्यात मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेल्ड केलेल्या लोखंडी घुमटात बंद असतात, दांडा बाहेर येतच नाही. दोन्ही कॉइल आणि मधल्या नळ्या कारखान्यातच ब्रेझिंग करून जोडलेल्या असतात. आतली हवा काढून, वजन करून गॅस भरला जातो आणि नळीचे तोंड चिमटून बंद केले जाते. घरी येते ती सीलबंद वस्तू. तिला बसवायला सुतार आणि वायरमन पुरतो. रेफ्रिजरेशनचे ज्ञान असलेल्या माणसाची गरज पडते ती फार पुढे, गळती झालीच तर. तेव्हा दोघे-तिघे मिळून पेटी खिडकीतून उतरवून वर्कशॉपमध्ये नेत. तिथे नळी कापून, गळती शोधून, नवा जोड मारून ती परत आणत. मेकॅनिकची नेहमीची कामे म्हणजे कॅपॅसिटर, पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट आणि सफाई. म्हणजे खिडकीच्या एसीबरोबर गॅस भरण्याची जुनी रीत संपायला हवी होती. बऱ्याच अंशी ती संपलीही होती. ती परत आली ती स्प्लिट एसीबरोबर.

स्प्लिट एसी जपानमध्ये घडला. १९६१ साली तोशिबाने दोन भागांत विभागलेला खोलीचा एसी तिथे आणला आणि त्याच दशकाच्या अखेरीस मित्सुबिशी इलेक्ट्रिकने भिंतीवर उंच टांगण्याचे आडवे रूप रूढ केले. आवाज करणारा कॉम्प्रेसर घराबाहेर, खोलीत फक्त ब्लोअर आणि कॉइल. लहान घरांत दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांना हे सोयीचे होते. १९८१ साली तोशिबानेच कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारा इन्व्हर्टर घरगुती एसीत आणला. आपल्याकडे स्प्लिट एसीसाठी भारतीय मानकाचा वेगळा भाग १९९२ साली आला, आणि उदारीकरणानंतर कोरियन व जपानी कंपन्या उतरल्यावर तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. मुंबईच्या नव्या इमारतींत सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या. त्यांत खिडकीचा एसी बसवायचा कसा हा प्रश्नच होता, त्यामुळे स्प्लिटने बाजी मारली. पण या सोयीची किंमत कुठे मोजली गेली हे कोणी फारसे सांगितले नाही. खिडकीच्या एसीत कारखान्यात होणारे सर्वांत नाजूक काम, म्हणजे गॅसची वाट बंद करण्याचे काम, आता कारखान्याबाहेर आले आणि छज्ज्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पडले.

ते काम कसे असते ते जरा जवळून पाहायला हवे, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. दोन युनिटांमध्ये एक बारीक आणि एक जाड अशा दोन तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांना चार जोड असतात, दोन आत, दोन बाहेर. नळी कटरने सरळ कापायची. आतल्या कडेला आलेला तांब्याचा काठ घासून काढायचा, आणि तो घासताना नळीचे तोंड खाली धरायचे, म्हणजे चुरा आत पडत नाही. मग पितळी नट नळीवर सरकवायचा. तो आधी सरकवला नाही तर पुढचे सगळे काम फुकट जाते. त्यानंतर फ्लेअरिंग टूलने तोंड फुलासारखे उमलवायचे. हे उमललेले तोंड गुळगुळीत, एकसारख्या रुंदीचे आणि चिरा नसलेले हवे. त्याला तेलाचे बोट लावून नट आधी हाताने फिरवायचा आणि मग टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळायचा. सैल राहिला तर गॅस सुटतो. जास्त आवळला तर तांबे पातळ होऊन पुढेमागे तडकते. सगळे जोडून झाले की नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचे, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायचा, आणि मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा व दमटपणा काढायचा. दाब पुरेसा खाली गेला की आतले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाते. त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांत ते होत नाही. हे सगळे नीट झाले तर तो एसी वर्षानुवर्षे गॅस मागणार नाही.

मग हे नीट का होत नाही? एक कारण गॅसमध्येच दडले होते. खोलीच्या एसीत अनेक दशके आर-२२ हा गॅस वापरला गेला. तो पेटत नाही, एकाच रसायनाचा असल्यामुळे अर्धवट गळला तरी वरून टाकता येतो, आणि त्याच्याबरोबर चालणारे खनिज तेल थोडाफार दमटपणा सहन करते. त्यामुळे व्हॅक्यूम पंपाऐवजी दुसरीच युक्ती रुळली: आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, आतल्या गॅसने नळ्यांतली हवा ढकलायची, सैल ठेवलेल्या नटातून ती फुस्कन बाहेर जाऊ द्यायची आणि नट आवळून टाकायचा. त्या काळी ही पद्धत सर्रास चाले आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे. दुसरे कारण दराचे. इन्स्टॉलेशन हे विक्रीबरोबर येणारे, जवळजवळ फुकटात मागितले जाणारे काम झाले. दिवसाकाठी जितके एसी लावाल तितके पैसे, अशा नगावर मिळणाऱ्या मजुरीत नायट्रोजन आणि व्हॅक्यूमचा वेळ बसत नाही. ग्राहक चाळीस हजारांच्या यंत्रावर घासाघीस करतो, पण चार जोडांच्या कामासाठी वेगळे पैसे मोजायला तयार नसतो. मेकॅनिकला पैसे मिळतात ते पुढच्या उन्हाळ्यात, गॅस भरताना. गळती शोधायला तासभर लागतो आणि त्याचे बिल कोणी देत नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम केले जाते. या रितीला अप्रामाणिकपणा म्हणण्याआधी तिचा हिशेब पाहिला पाहिजे.

निदानातही एक सापळा आहे. सर्व्हिस पोर्टला गेज लावले आणि काटा खाली दिसला की गॅस कमी, असे मानले जाते. पण फिल्टर धुळीने बुजलेला असेल, कॉइलवर चिकट थर बसला असेल, ब्लोअर मळला असेल, तर कॉइलवरून हवा कमी जाते, आतल्या द्रवाला उष्णता कमी मिळते आणि दाब तसाच खाली येतो. कॉइलवर बर्फ जमणे हेही दोन्ही बिघाडांत दिसते. म्हणजे साध्या सफाईने सुटणारी अडचण गॅसच्या नावावर खपते. त्यात वरून गॅस टाकला तर जास्तीचा गॅस कॉम्प्रेसरवर भार टाकतो आणि वीजही वाढवतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेगच सतत बदलतो, त्यामुळे नुसत्या काट्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ उरत नाही. तिथे खरी रीत एकच: उरलेला गॅस काढून घ्यायचा, गळती बंद करायची, व्हॅक्यूम करायचा आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा.

सरकारने या सगळ्यात काय केले, हे पाहताना न्यायाने बोलले पाहिजे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, आणि २००० साली ओझोनला घातक पदार्थांविषयी नियम आले. फ्रिजमधला आर-१२ सारखा सीएफसी गॅस २०१० पर्यंत बाद झाला. १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ वर चालणारी नवी यंत्रे बनवण्यावरही बंदी आली. वीज किती लागते हे सांगणारे स्टार लेबल २००६ साली ऐच्छिक म्हणून सुरू झाले आणि २०१० पासून खोलीच्या एसीवर सक्तीचे झाले. या कामाचे मोल मोठे आहे आणि ते यशस्वीही झाले. पण प्रत्येक पाऊल कारखान्याच्या दारापाशी थांबते. पाच स्टार मिळतात ते प्रयोगशाळेत, काळजीपूर्वक जोडलेल्या यंत्राला. घरी तोच एसी पाव गॅस गमावून चालत असेल तर पट्टीवरचे स्टार तसेच राहतात आणि बिल वाढत जाते. आर-२२ चा एक किलो हवेत सुटला की तो सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. नव्या एसीतल्या आर-३२ चे हे प्रमाण साधारण ६७५ किलो आहे. अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ पासून प्रमाणपत्राशिवाय अशा यंत्रांचा गॅस हाताळता येत नाही, युरोपातही तसेच नियम आहेत. आपल्याकडे आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, परदेशी मदतीने मेकॅनिकांची प्रशिक्षणे झाली, आणि २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनने १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले. पण गॅसचा सिलिंडर घ्यायला दुकानात प्रमाणपत्र दाखवावे लागत नाही. शिकलेल्या आणि न शिकलेल्या हाताला बाजार एकच दर देतो.

यावर पहिला आक्षेप किनाऱ्याकडून येतो. मुंबई, कोकण, गोव्यात खारा वारा आहे. तांब्याच्या नळीवरची ॲल्युमिनियमची पाती त्यात कुजतात, गटार-नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे काळे करून खातो, मग जोड कितीही चांगला असो, कॉइलच गळणार. हे खरे आहे, आणि समुद्रालगतच्या घरांत कॉइल काही वर्षांत बाद होतात हेही खरे. पण या आक्षेपाने गळती शोधण्याची गरज उलट वाढते. कॉइल कुजली असेल तर गॅस भरणे म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणे. ती बदलावीच लागते. आणि दोष जोडात आहे की कॉइलमध्ये, हे नायट्रोजनच्या चाचणीशिवाय कसे कळणार?

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सक्तीचे प्रमाणपत्र आले तर उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेली, शाळा अर्धवट सुटलेली हजारो पोरे धंद्याबाहेर फेकली जातील, असे म्हणतात. पण आज ती कोणत्या अवस्थेत काम करतात? बाराव्या मजल्याच्या छज्ज्यावर, अनेकदा पट्ट्याशिवाय, बिल्डरने आउटडोअरसाठी पाय ठेवायला जागा सोडलेली नसताना. त्यांच्या कौशल्याचा कागद नाही, म्हणून दर मागायला तोंड नाही. वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच्या भाषेत, फी न घेता घ्यावी आणि त्याला मुदत द्यावी. ज्याच्या हाताला फ्लेअर साधतो तो परीक्षेत नापास होणार नाही. हस्तकौशल्याला कागद मिळाला की मजुरी वाढते, हे वायरमनच्या परवान्याने आपल्याकडे दाखवलेले आहे.

नवे यंत्र स्वतःच बिघाड सांगते, मग या माणसाची चिंता कशाला, असेही विचारले जाते. यंत्र एरर कोड दाखवते. तुटलेला सेन्सर कोणता ते सांगते. नट आवळण्याचे काम ते करत नाही. आणि नव्या गॅसनी तर चुकीची सवलत संपवली आहे. आर-३२ मंद का होईना पेटणारा आहे, २०१२ पासून गोदरेजने एसीत वापरलेला प्रोपेन, म्हणजे आर-२९०, त्याहून सहज पेटतो. त्यांच्यासोबतची नवी कृत्रिम तेले दमटपणा झपाट्याने शोषतात. पंप डाउन करताना, म्हणजे सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेताना, नळीत हवा शिरली तर कॉम्प्रेसर फुटून माणूस दगावू शकतो. आर-२२ च्या काळातली गॅस सोडून हवा काढण्याची सवय या यंत्रांवर चालवली, तर नुकसान घरमालकाच्या खिशापुरते राहणार नाही.

म्हणून सरकारने सिलिंडरची विक्री प्रमाणपत्राशी जोडावी, कंपन्यांनी इन्स्टॉलेशनचा दर यंत्राच्या किमतीतून वेगळा काढून त्यात नायट्रोजन आणि व्हॅक्यूमचा वेळ धरावा. तोवर वाचकांच्या हातात एवढे आहे: या उन्हाळ्यात कोणी गॅस कमी झाल्याचे सांगितले, तर आधी फिल्टर आणि कॉइल साफ करून पुन्हा तपासायला सांगा. तरीही कमी निघाला तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा, त्या शोधाचे पैसे वेगळे द्या, आणि किती ग्रॅम गॅस भरला ते बिलावर लिहून घ्या.